'एक्स्प्लिसिट' आणि 'क्लिअर' यांत नेमका फरक काय?

प्रश्न: मशीनच्या तुटलेल्या भागाचे नीट दिसतील असे फोटो सप्लायरकडून हवे आहेत. मेलमध्ये 'प्लीज सेंड एक्स्प्लिसिट फोटोज' लिहिलं, तर साहेबांनी ते बदलायला सांगितलं. शब्दकोशात अर्थ 'सुस्पष्ट' दिलाय. मग चुकलं कुठे?

प्रतिसाद 1: मेल जाण्याआधी बदलाच! फोटो, दृश्य, भाषा, गाणी यांना हे विशेषण लागलं की अर्थ 'अश्लील' होतो. अमेरिकेत अल्बमवरच्या पालकांसाठीच्या इशाऱ्यात 1996 पासून 'एक्स्प्लिसिट कंटेंट' हेच शब्द आहेत. तुम्ही 'क्लिअर, क्लोज-अप फोटोज' लिहा.

'क्लिअर' म्हणजे दिसायला, समजायला सोपं. 'एक्स्प्लिसिट' म्हणजे वाचणाऱ्याच्या अंदाजावर न सोडता शब्दांत मांडलेलं. लॅटिन मूळ 'घडी उलगडणे' असंच आहे. 'माल लवकर पाठवा' हे कुणालाही कळतं, पण लवकर म्हणजे कधी? 'शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत, गोदाम क्रमांक 2 मध्ये' ही झाली एक्स्प्लिसिट सूचना. उलटही घडतं: करारातलं दहा ओळींचं कलम सगळं नमूद करतं, तरी दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही.

प्रतिसाद 2: वर सांगितलंय ते बरोबर. शब्दयोजनेचं थोडं: विषयासाठी 'अबाउट', माणसासाठी 'विथ'. 'शी वॉज एक्स्प्लिसिट विथ अस अबाउट द डेडलाइन.' इथे 'टू अस' खटकतं. क्रियापद हवं असेल तर 'मेक इट एक्स्प्लिसिट' किंवा 'स्पेल इट आउट'.

करारनाम्यात मात्र 'एक्स्प्रेस' वापरा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 9 मध्ये शब्दांत दिलेलं वचन 'एक्स्प्रेस' आणि शब्दांवाचून दिलेलं 'इम्प्लाइड', अशीच जोडी आहे.

प्रश्नकर्ता: आभार, वाक्य बदललं. रोखठोक बोलणाऱ्या माणसाला एक्स्प्लिसिट म्हणता येईल का?

प्रतिसाद 1: स्वभावाला नको. एखाद्या मुद्द्यावर तो एक्स्प्लिसिट होता, इतकंच म्हणता येतं. स्वभावाने रोखठोक म्हणजे 'फोर्थराइट'. समोरच्याला लागेल याची पर्वा न करणारा तो 'ब्लंट'. शिफारसपत्रात 'ब्लंट' लिहिलंत तर तक्रार वाटेल.

प्रतिसाद 3: विरुद्धार्थी 'इम्प्लिसिट' जपून वापरा. 'इम्प्लिसिट कंडिशन' म्हणजे न बोललेली, गृहीत धरलेली अट. पण 'इम्प्लिसिट ट्रस्ट' म्हणजे छुपा विश्वास नव्हे, तर डोळे झाकून ठेवलेला पूर्ण विश्वास.