मदत हवी आहे: वजन कमी करायला रोज नक्की किती कॅलरी?

स्वप्ना_सातारा
नमस्कार. सरळच विचारते, रोज किती कॅलरी खाल्ल्या की वजन हळूहळू पण न थांबता उतरतं? अ‍ॅप १२०० म्हणतंय, मी तेवढंच खातेय, सुरुवातीला थोडं उतरलं आणि आता काटा जागचा हलेना. जिमवाले म्हणतात १५००, बहीण म्हणते १००० कर. कृपया एकच आकडा सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. आणि भात बंद करा वगैरे नको, ते करून झालंय.

मिरजवाला
वय? उंची? वजन? काम बसून की फिरतं? असा हवेतून आकडा कसा सांगणार ताई.

कृष्णाकाठ
कॅलरी मोजत बसू नका. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात हळद आणि लिंबू. हळद सांगलीचीच घ्या, पाकिटातली नको. रात्री सातनंतर तोंड बंद.

मिरजवाला
हळद आमच्याकडची चांगली आहे म्हणून तिनं चरबी वितळत नाही हो. सातनंतर तोंड बंद केल्यावर एक जेवण कमी पडतं म्हणून वजन उतरतं, म्हणजे परत कॅलरीच झाल्या ना.

कृष्णाकाठ
माझं उतरलंय. अनुभवापुढे पुस्तकातलं ज्ञान नको.

स्वप्ना_सातारा
वय ३४, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४. नोकरी बँकेत, दिवसभर खुर्ची. आठवड्यातून तीन-चारदा सकाळी अजिंक्यतारा चढते. घड्याळ एका फेरीला ५०० कॅलरी दाखवतं, तेवढं त्या दिवशी जास्त खाल्लं तर चालेल का? आता तरी सांगा.

डोंगरवारा
अरे वा, किल्ला चढताय तर सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू करा की! यवतेश्वरचा घाट पावसात पळायला जी मजा आहे ना. बूट मात्र चांगले घ्या, गुडघे जपा, बुटांबद्दल हवं तर वेगळं लिहितो.

आहारवेडी
स्वप्नाताई, मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानं तुमचं नुसतं पडून राहायचं खर्चाचं मीटर साधारण १४०० येतं (वजन गुणिले १०, अधिक सेंमीमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१). हलका व्यायाम धरून १.३७५ नं गुणलं की १९०० च्या आसपास. त्यातून ४००-५०० कमी करा, म्हणजे १४०० ते १५००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर उतरावं. पण मला खटकतंय ते वेगळंच. १२०० खरोखर पोटात जात असते तर वजन याहून जोरात उतरलं असतं. तेल आणि शेंगदाण्याचं कूट मोजता का?

स्वप्ना_सातारा
कूट कसं मोजणार, ते तर भाजीत असतंच. स्वयंपाक सासूबाई करतात. मी भाकरी, भाजी, वरण असं अ‍ॅपमध्ये टाकते.

आहारवेडी
तिथंच सगळं आहे. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. कूट ३० ग्रॅम गेलं तर आणखी १७०. अ‍ॅपमधली "वांग्याची भाजी" कुणाच्या घरची ते कुणाला ठाऊक, आपल्या साताऱ्याची नक्कीच नाही.

माहेर_कराड
कूट नसेल तर ते वांगं खायचं कशाला? आणि सुनेनं सासूच्या हातातलं तेल मोजायचं म्हणजे घरात काय होईल ते मी सांगायला नको. शेंगदाण्यात प्रथिनं असतात, उगाच बदनाम करू नका.

आहारवेडी
काकू, बंद करा म्हटलंच नाही, मोजा म्हटलं. महिन्याचं तेल किती आणलं एवढं वाण्याच्या यादीवरनं कळतं, सासूबाईंना विचारायचीसुद्धा गरज नाही.

मिरजवाला
एक राहिलं. थायरॉईड तपासलाय का? आणि मूल लहान असेल तर अंगावर पाजताय का?

स्वप्ना_सातारा
मुलगा पाच वर्षांचा आहे. थायरॉईडची गोळी चालू आहे बाळंतपणापासून, रोज चहाबरोबर घेते. त्याचा इथं काय संबंध?

मिरजवाला
अहो हे पहिल्या ओळीत हवं होतं! ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्धा तास नंतर, नाहीतर नीट अंगी लागत नाही. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बरेच दिवस केली नसेल तर आधी ती करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. डोस मनानं कमीजास्त करू नका. १००० इतक्या कमी कॅलरींवर तर अजिबात येऊ नका.

कृष्णाकाठ
थायरॉईडला धण्याचं पाणी पण घेतात.

मिरजवाला
गोळी चालू असताना तिला नवीन काही सुचवू नका हो, कळकळीनं सांगतोय.

स्वप्ना_सातारा
बरं. शनिवारी टीएसएच करते. तोवर तेलकूट धरून १४५०. पण किल्ल्याच्या ५०० चं कुणीच सांगितलं नाही, ते वरून खायचे का?

आहारवेडी
नाही. १.३७५ मध्ये तुमचं चढणं आलंय, परत मिळवलं तर दोनदा मोजलं जाईल, आणि मनगटावरची घड्याळं कॅलरी बऱ्याचदा फुगवूनच दाखवतात. वजन रोज सकाळी करा पण आठवड्याची सरासरी बघा, पाळीच्या आधी पाणी धरून काटा वर जातो तेव्हा घाबरून जेवण तोडू नका. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही तर १०० कमी करून बघू, इथंच लिहा.