'द पोस्ट' : टाळ्या मालकिणीला, तुरुंगाची टांगती तलवार मात्र दुसऱ्यावर

तळटीप :
स्पीलबर्गचा 'द पोस्ट' हा सिनेमा पाहून एका मित्राने लिहिलेला मजकूर दोन दिवसांपासून फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं, की व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकी सरकार वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं हे १९७१ साली जगाला कळलं ते 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या मालकीण कॅथरीन ग्रॅहम या एका बाईच्या हिमतीमुळे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक वृत्तपत्रमालकाला हा सिनेमा समोर बसवून दाखवायला हवा. सोडून द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्पीलबर्गला गोष्ट सांगता येते. माझा राग आहे तो श्रेय कुणाच्या पदरात पडलं यावर. संरक्षणमंत्री मॅकनमारांनी १९६७ मध्ये लिहून घ्यायला सुरुवात केलेला व्हिएतनाम युद्धाचा हा गोपनीय अहवाल, ४७ खंड, ७,००० पानं. त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग या विश्लेषकाने तो १९६९ च्या ऑक्टोबरपासून रात्री जागून झेरॉक्स केला. १३ वर्षांचा मुलगा मशीनवर मदतीला आणि १० वर्षांची मुलगी कात्री घेऊन पानांवरचा 'अतिगोपनीय' हा शिक्का कापते आहे. बाप पोरांना असल्या कामाला बसवतो तेव्हा त्याने काय पणाला लावलेलं असतं, विचार करा. पुढे त्याच्यावर एकूण ११५ वर्षांची कैद होईल इतके आरोप ठेवले गेले.

कागद मिळाले न्यूयॉर्क टाइम्सचा वार्ताहर नील शीहानला. टाइम्सने हिल्टन हॉटेलात खोल्या घेऊन गुपचूप काम केलं, १३ जून १९७१ ला पहिला हप्ता छापला. १५ जूनला कोर्टाची मनाई आली. पोस्ट मैदानात उतरलं १८ जूनला! खटला 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध अमेरिका' या नावाने ओळखला जातो, १९७२ चं पुलित्झर पारितोषिक टाइम्सला मिळालं, आणि सिनेमाचं नाव काय, तर 'द पोस्ट'. एल्सबर्गच्या वाट्याला सुरुवातीचा थोडा वेळ आणि मोटेलातली एक खोली. हा अन्याय आहे. मालकांना दाखवायचाच तर हा नका दाखवू. त्यांना वाटेल की धाडस म्हणजे पार्टी सोडून फोनवर 'छापा' म्हणणं.

सदाफुली :
तळटीप, तुम्ही तो फोनचा प्रसंग ज्या तऱ्हेने उडवून लावलात ते वाचून मला खरंच राग आला. फोनवर 'छापा' म्हणणं सोपं वाटतं का तुम्हाला? कंपनीचे शेअर १५ जूनला, म्हणजे त्याच आठवड्यात, बाजारात आलेले. काही आक्रित घडलं तर करार मोडायची मुभा गुंतवणूकदारांच्या हातात. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला असता तर टीव्ही केंद्रांचे परवाने गेले असते. वकील नको म्हणतात, सल्लागार नको म्हणतात.

त्याआधीचा संचालकांच्या बैठकीचा प्रसंग आठवा. बाई आदल्या दिवशी आकडे घोकून आलेल्या, हातात जाडजूड फाइल. आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही, शेजारचा पुरुष तोच आकडा सांगतो आणि सगळे माना डोलावतात. मी ती बाई आहे. मिस्टर गेल्यावर सांगलीतला आमचा छापखाना मी चालवायला घेतला. कर्जाच्या कामासाठी एका बँकेत गेले, सोबत दीर होते. ताळेबंद माझ्या हातात, प्रश्न मला विचारायचे, आणि साहेब बोलतात दिरांशी. मी उत्तर दिलं की ते दिरांकडे बघून 'बरोबर ना?' विचारायचे. ग्रॅहमच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीपने तो घसा कोरडा पडणं जसंच्या तसं दाखवलंय. हा सिनेमा ४७ खंडांचा नाही. १९६३ मध्ये नवऱ्याच्या आत्महत्येनंतर जिच्या अंगावर वृत्तपत्र पडलं, त्या बाईला स्वतःचा आवाज कसा सापडला याचा आहे. विषय समजून न घेता श्रेयाचं मोजमाप काढू नका.

सुभेदार_भोर :
दोघांचंही वाचलं. मूळ प्रश्नाला कुणी हातच घालत नाही. सरकारी गुपित फोडणं योग्य की अयोग्य? एल्सबर्ग स्वतः मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात अधिकारी होता, पुढे कागद हाताळायची परवानगी विश्वासाने मिळाली होती. शपथ मोडली. मी २४ वर्षं लष्कराच्या सिग्नल्स विभागात काढली. एक चुकीचा कागद चुकीच्या हातात पडला तर त्याची किंमत खंदकातला पोरगा मोजतो, संपादक नाही.

उदाहरण आपल्याच मुंबईतलं. २६/११ ला ताज आणि ओबेरॉयवर काय चाललंय ते वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पलीकडचे सूत्रधार ते बघून आत असलेल्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली यावर स्पष्ट शब्दांत ताशेरे ओढले. 'जनतेला जाणून घ्यायचा हक्क' हे वाक्य मी त्या तीन रात्रींत फार ऐकलं. १९७१ मध्येही अमेरिकेची पोरं तिकडे लढत होती.

तळटीप :
सुभेदार साहेब, तुमच्या नोकरीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ही तुलना चुकीची आहे. २६/११ ला दाखवली जात होती ती चालू कारवाई. एल्सबर्गने फोडला तो १९४५ पासून १९६७ पर्यंतचा इतिहास. आणि शांततेच्या वाटाघाटींचे खंड त्याने वृत्तपत्रांना दिलेच नाहीत, मुद्दाम मागे ठेवले. तो बेजबाबदार माणूस नव्हता.

त्या कागदांत काय होतं ते बघा. १९६५ च्या मार्चमधलं संरक्षण खात्याचं टिपण, युद्ध कशासाठी चाललंय याचा हिशेब: ७० टक्के मानहानिकारक पराभव टाळण्यासाठी, २० टक्के चीनला रोखण्यासाठी, १० टक्के दक्षिण व्हिएतनामच्या लोकांच्या भल्यासाठी. सिनेमातही हे आहे. त्या ७० टक्क्यांसाठी खंदकातली पोरं मेली, ५८,००० अमेरिकन, आणि व्हिएतनामी तर किती लाख. पोरांची काळजी असेल तर हे टिपण १९६५ मध्येच फुटायला हवं होतं.

लालबागकर :
तुम्ही सगळे शिकलेले लोक. मला एकच सांगा, तो पेपर छापला कोणी? सिनेमात बघा, खालच्या मजल्यावर लायनो या जुळणीच्या यंत्रावर ऑपरेटर बसलाय, शिशाच्या गरम ओळी पडतायत, पानं जुळतायत, मग मशीन सुरू होतं आणि वर पत्रकाराचं टेबल थरथरतं. थेटरात मला तेवढंच बघून भरून आलं. माझे वडील एका मराठी दैनिकात मशीनवर रात्रपाळीला होते. सकाळी घरी यायचे तेव्हा नखात शाई, हाताला रॉकेलचा वास. शेवटी कॅथरीनबाई आणि तो संपादक ब्रॅडली छापखान्यातून फिरतात, पेपर वाहत चाललेत, एवढा मोठा देखावा. पण चार वर्षांनी काय झालं ते नाही दाखवत. १ ऑक्टोबर १९७५, पोस्टच्या मशीनवाल्यांचा संप. बाईंनी बाहेरच्या प्रेसला पानं पोचवायला छपरावरून हेलिकॉप्टर उडवली, नवे लोक भरले आणि युनियन कायमची मोडून काढली. ज्यांच्या मशीनवर हा ऐतिहासिक अंक निघाला तेच लोक रस्त्यावर.

१९८२ ला आमच्या गिरणगावातही हेच झालं. १८ जानेवारीपासून अडीच लाख कामगार संपावर, आणि त्यावर मालकांचं कौतुक करणारे लेख आम्ही वाचलेत. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मालकाचं, कामगाराचं नाही, असं लिहून ठेवा.

सदाफुली :
लालबागकर, अर्धीच गोष्ट सांगू नका. संपावर जाण्याआधी त्या पहाटे मशीनवाल्यांनी यंत्रांची मोडतोड केली, स्वतःच्याच फोरमनला मारहाण केली. छापखान्याची मालकीण म्हणून सांगते, माझ्या मशीनला कुणी असा हात लावला तर मीही त्याला परत आत घेणार नाही. मजुरीवर भांडा, दिवाळीच्या बोनसवर भांडा, मी स्वतः बसून बोलते. पण यंत्र फोडायचं नाही. बाईने ठाम भूमिका घेतली की ती क्रूर, पुरुषाने घेतली की खंबीर!

लालबागकर :
झालं! मालक बोलला. मारहाण चुकीची, मी कधी बरोबर म्हटलं? काही जणांनी केली, त्यांच्यावर खटले झाले, त्यांनी ते भोगलं. पण मोडली सगळ्यांची युनियन. ज्याने स्क्रूलाही हात लावला नाही त्याचंही काम गेलं. आमच्या वडिलांच्या प्रेसमध्ये ऑफसेट, म्हणजे खिळ्यांशिवायची छपाई, आलं तेव्हा जुळाऱ्यांना एका दुपारी हिशेब हातात देऊन घरी पाठवलं. खिळे जुळवून जुळवून ज्यांची बोटं वाकडी झाली, उलटं अक्षर सुलट वाचावं तसं झरझर वाचायचे असे लोक. त्यातले दोघं नंतर आमच्या चाळीखाली भाजी विकायचे. त्या पेपरने कामगारांच्या हक्कावर अग्रलेख छापले होते. तुम्ही सिनेमातलं शिसं बघून वा वा म्हणता, मी शिसं वितळवणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं ते विचारतो.

सदाफुली :
जुळाऱ्यांच्या बाबतीत तुमचं खरं आहे. आमच्याकडेही एक वयस्कर जुळारी होते, ऑफसेट घेतल्यावर मिस्टरांनी त्यांना बांधणीच्या कामात घेतलं, मुद्रितं तपासायला बसवलं. सगळ्यांनी तसं केलं नाही, हे मान्य. पण त्याचा राग ग्रॅहमवर आणि तोही १९७१ च्या निर्णयावर काढू नका.

काळाकोट :
संपावरून मूळ विषय वाहून चालला आहे, म्हणून कायद्याचं थोडं बोलतो. या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ३० जून १९७१ चा निकाल ६ विरुद्ध ३ असा होता आणि नऊही न्यायमूर्तींनी आपापली मतं वेगळी लिहिली. न्या. ब्लॅक यांचं म्हणणं, वृत्तपत्रं शासितांच्या सेवेसाठी आहेत, शासनकर्त्यांच्या नव्हे. सिनेमात हे वाक्य फोनवरून ऐकून सगळ्यांना सांगतात, आणि टाळ्या पडतात. पण निकालाचा गाभा मर्यादित आहे. छापण्याआधीच तोंड बंद करण्याइतकं कारण सरकारने दिलं नाही, एवढंच. छापल्यावर खटला भरता येईल का, ही वाट काही न्यायमूर्तींनी उघडी ठेवली. सुभेदारांनी हे लक्षात घ्यावं आणि तळटीप यांनीही.

आणि हा निकाल आपल्यापासून लांब नाही. राफेल विमानांच्या खरेदीची कागदपत्रं 'द हिंदू'त आली तेव्हा सरकारने ती चोरीची आहेत म्हणून शासकीय गुपिते कायदा पुढे केला. १९२३ चा, इंग्रजांचा कायदा. १० एप्रिल २०१९ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला आणि त्यात याच अमेरिकी निकालाचा दाखला दिला. पण गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगतो: अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. आपल्याकडे मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, १९५० मध्ये ती कोर्टाने उठवली, आणि १९५१ ची आपली पहिली घटनादुरुस्ती आली ती निर्बंध वाढवायला. मालकाला सिनेमा दाखवून काय होणार? कायदा बदलायची मागणी करा.

सुभेदार_भोर :
वाट उघडी ठेवली, हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढा वाद झाला नसता. चालू कारवाई आणि जुना इतिहास यांतला फरक मला मान्य. पण फरक कोण ठरवणार? संपादक रात्री साडेअकराला, पान लागायच्या घाईत? माझा त्यावर विश्वास नाही.

काळाकोट :
मग सरकारच्या वकिलावर ठेवा. अर्विन ग्रिस्वोल्ड, ज्यांनी सर्वोच्च न्यायालयात छपाई थांबवा म्हणून बाजू मांडली, त्यांनीच १९८९ मध्ये लिहिलं की या प्रकाशनामुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका झाल्याचा मागमूसही आपल्याला कधी दिसला नाही. तेही कुठे, तर वॉशिंग्टन पोस्टमध्येच.

सुभेदार_भोर :
१८ वर्षांनी सांगणं सोपं. पण त्यांनी लिहिलं असेल तर त्या एका प्रकरणापुरतं मी माघार घेतो. त्या एका.

सदाफुली :
तळटीप, दोन गोष्टी राहिल्या. तुमचा शीहान. एल्सबर्गने त्याला कागद वाचायला दिले होते, प्रती काढायच्या नाहीत या अटीवर. एल्सबर्ग सुट्टीवर गेला तेव्हा शीहान आणि त्याच्या बायकोने सगळं झेरॉक्स करून नेलं. ही हकिकत छापून आली २०२१ मध्ये, शीहान गेल्यावर. टाइम्सचं श्रेय सांगताना हेही सांगा.

आणि दुसरं. टाइम्सलाही मालक होताच ना? सल्झबर्गर. त्यालाही 'हो' म्हणावं लागलं, त्याच्या जुन्या वकिलांनी खटला लढवायलाच नकार दिला. त्याच्याबद्दल तुम्ही लिहिता 'टाइम्सने छापलं'. ग्रॅहमबद्दल लिहिता 'मालकिणीने टाळ्या घेतल्या'. हे असं का, याचं उत्तर द्या.

तळटीप :
सल्झबर्गरचा मुद्दा बिनतोड आहे. घेतला, जड मनाने घेतला. शीहानचंही नाकारत नाही, पण त्याने फसवलं कुणाला, तर पुन्हा एल्सबर्गलाच. म्हणजे माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. सगळ्यांना काही ना काही मिळालं. टाइम्सला पुलित्झर, पोस्टला पत. त्याला मिळाला खटला, आणि तो ११ मे १९७३ ला रद्द झाला ते त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात व्हाइट हाउसच्या लोकांनी केलेली घरफोडी उघडकीला आली म्हणून. सिनेमा शेवटी घरफोडी दाखवतो, पण वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयाची. तिथे पुन्हा पोस्टचीच बातमी. दवाखान्यातली ती घरफोडी दाखवायला दोन मिनिटं पुरली असती, आणि तीही ग्रॅहमच्या नवऱ्याच्या आत्महत्येइतकीच खासगी जखम होती.

लालबागकर :
आणि मशीनवाल्यांना काय मिळालं ते कुणीच बोललं नाही. मी उद्या संपाची पूर्ण हकिकत वेगळी लिहितो, तिथे या.