सॉलिड रोटर : घन, भरीव की अखंड?

संत्र्याची फोड :
पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी इंडक्शन मोटरवरचं टिपण मराठीत करतोय. रोटर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग. पत्र्याच्या चकत्या रचलेला नाही, पोलादाच्या एकाच तुकड्यातून लेथवर उतरवलेला, तो सॉलिड रोटर. मी 'घन रोटर' लिहिलं. आर्वीत मोटरी भरणाऱ्या काकांना वाचून दाखवलं, तर हातातली तांब्याची तार न सोडता म्हणाले, "घन तं लोहारापाशी रायते बाप्पा, मोटरीत कायले टाकून रायला?" आपल्याकडे 'ण'चा 'न' होतो, काकांचं काय चुकलं! मग लिहू काय?

लेथवाला :
भरीव. पाइप पोकळ, सळाख भरीव. संपला विषय.

पाणिनीचा नातू :
कसा संपला? चकत्यांच्या नेहमीच्या पिंजरा रोटरच्या खाचांत ॲल्युमिनियम ओततात, म्हणजे खरा 'भरलेला' तोच. 'अखंड' म्हणा. आणि मोटर काय? चलित्र.

लेथवाला :
सर, एकदा दुकानात जाऊन 'चलित्र जयलं' म्हणून पाहा.

संत्र्याची फोड :
पुढे आणखी अडलंय. एडी करंटला, म्हणजे धातूच्या आत गोल गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाला, 'भोवरा प्रवाह' लिहिलं. चकत्यांच्या रोटरमध्ये तो टाळायचा असतो, इथे तोच मोटर फिरवतो. सुरू करताना रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असते, तेव्हा प्रवाह पोलादाच्या सालीसालीनेच वाहतो. वेग आला आणि स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा रोटर जेवढा मागे राहतो ते) ४ टक्के उरली की फक्त २ हर्ट्झ. पोलादाची चुंबकीय पारगम्यता (चुंबकत्व किती सहज आत घेतं ते) तीच धरली तर प्रवाह पाचपट खोल शिरतो. एवढं समजावलं, तरी पोरगं विचारतं, "सर, भोवरा म्हणजे रोटरच ना? फिरते तर तोच."

कापूसवाली :
बरोबरच विचारलं त्यानं. माझ्या बाबांना तर भोवरा म्हणजे बैलाच्या कपाळावरचा. बाजारात दात नंतर, आधी भोवरा. दावणीला उभा बैल, आणि बाबा त्याच्या कपाळावरचे केस अंगठ्यानं फिरवून पाहताहेत, अजून दिसतं. मूळ शब्द 'भ्रमर'.

पाणिनीचा नातू :
भ्रमर म्हणजे भुंगा. पोलादात भुंगा कुठून आला? 'आवर्त प्रवाह' लिहा.

कापूसवाली :
भ्रम् म्हणजे फिरणं. भुंगाही फिरतो म्हणूनच भ्रमर झाला ना?

लेथवाला :
आमचा आबा म्हणे, मोटेवरून मोटर. दोघी विहिरीतलंच पाणी काढतात.

पाणिनीचा नातू :
लॅटिन आहे हो तो!

लेथवाला :
आबाले कोण सांगन?

संत्र्याची फोड :
अहो, सॉलिडचं काय करू?

लेथवाला :
थांब ना भाऊ. ताई, बैलाले दोन भोवरे असले तर घ्याव का नाही?