राजकीय छळाच्या कारणावरून आश्रय मागणाऱ्याचे कथन खरे मानावे की नाही, हे कसे ठरवावे?

प्रश्न

मी ब्रिटनमध्ये निर्वासितांविषयीच्या कायद्याचा अभ्यास करते आणि एका विधी सल्ला केंद्रात फायली तयार करण्यास मदत करते. श्रीलंकेतील तमिळ अर्जदारांना आलेले नकाराचे आदेश वाचताना एकच क्रम वारंवार दिसतो. पहिल्या मुलाखतीत अटकेचा महिना एक सांगितला, सविस्तर मुलाखतीत दुसरा सांगितला, छळाचा उल्लेख सुरुवातीला केलाच नाही, आणि म्हणून संपूर्ण कथन अविश्वसनीय ठरले. ज्याच्याजवळ अटकेचा कागद नाही आणि ज्याचे साक्षीदार मायदेशी जीव मुठीत धरून राहत आहेत, त्याच्या तोंडच्या शब्दांखेरीज हाती काही नसते. खोटे दावेही दाखल होतात, हे मला मान्य आहे. मग तफावतीला नेमके किती वजन द्यावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

तफावत दिसली की ती कशातून निर्माण झाली हे आधी पाहावे, तिचा निष्कर्ष नंतर काढावा. पहिली मुलाखत ही मुळात ओळख, प्रवासाचा मार्ग आणि दाव्याचे थोडक्यात कारण नोंदवण्यासाठी असते. थकलेला, घाबरलेला माणूस अनोळखी अधिकाऱ्यासमोर तिथे मोजकेच बोलतो. त्या नोंदीतील त्रोटकपणा सविस्तर जबानीविरुद्ध वापरताना सावधगिरी बाळगावी, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2014 च्या जे. ए. (अफगाणिस्तान) प्रकरणात सांगितले आहे.

तारखांबाबत एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. अफगाण आणि इराणी अर्जदार सौर हिजरी सालाने तारखा सांगतात. आपल्याकडे शके सालावरून इसवी सन काढताना 78 मिळवायचे की 79, हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही. तसेच तिथे 621 मिळवायचे की 622, हा प्रश्न असतो. दुभाष्याने मुलाखत चालू असताना मनातल्या मनात केलेल्या या हिशेबात एक वर्ष इकडेतिकडे झाले, तरी नोंदीत ती अर्जदाराचीच विसंगती म्हणून उतरते. तमिळ अर्जदारांच्या बाबतीत ही अडचण बहुधा येत नाही, परंतु मूळ भाषेतील ध्वनिमुद्रण मागवून ऐकण्याचा आग्रह प्रत्येक फाइलीत धरावा, असे माझे मत आहे.

स्मृतीविषयीही ठोस संशोधन उपलब्ध आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोसोव्हो आणि बोस्नियातील निर्वासितांना त्याच घटनांविषयी दोनदा विचारण्यात आले. खोटे बोलण्याचे काही कारण नसतानाही त्यांच्या उत्तरांत फरक पडला, आणि तो घटनेच्या गाभ्यापेक्षा आजूबाजूच्या तपशिलांत अधिक होता. आपले नकाराचे आदेश बहुतेक वेळा याच तपशिलांवर उभे असतात, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

दुसरा प्रतिसाद

तमिळ अर्जदारांविषयी विचारले आहे, म्हणून के. व्ही. (श्रीलंका) हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा मार्च 2019 चा निकाल मुळातून वाचावा. लिट्टेचे सोने वितळवण्यास मदत केल्याच्या संशयावरून आपल्याला पकडले आणि तापलेल्या सळयांनी डागले, असे अर्जदाराचे म्हणणे होते. दंडावरच्या व्रणांच्या कडा पुसट होत्या आणि पाठीवरच्या व्रणांच्या कडा रेखीव होत्या. दंड भाजताना आपण शुद्धीवर होतो, नंतर शुद्ध हरपली, असे तो सांगत होता. शुद्धीवर असलेला माणूस अंग हिसडतो, बेशुद्ध माणूस हलत नाही, त्यामुळे कडांमधील हा फरक त्याच्या सांगण्याशी जुळत होता. न्यायाधिकरणाने मात्र त्याच रेखीव कडांवरून, दावा भक्कम करण्यासाठी त्याने भूल घेऊन दुसऱ्याकडून स्वतःला डागून घेतले असावे, असा तर्क केला.

सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. असे स्वतःहून करवून घेणे किती दुर्मीळ आहे, याचा विचारच झाला नव्हता. जखम कशाने झाली एवढेच सांगून डॉक्टरांनी थांबावे, हे बंधनही न्यायालयाने मानले नाही. जखम कोणत्या परिस्थितीत झाली याविषयीचे अर्जदाराचे कथन वैद्यकीय पुराव्याशी कितपत जुळते, हेही डॉक्टर सांगू शकतात. म्हणून वैद्यकीय तपासणी शक्य तितकी लवकर करून घ्या, आणि इस्तंबूल प्रोटोकॉलमधील (छळाचा तपास आणि नोंद करण्याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका) प्रतवारी, म्हणजे जखम कथनाशी किती जुळते याच्या पायऱ्या, वापरणाऱ्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन्ही मते मला पटतात, परंतु दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विकत मिळणारी अटक वॉरंटे आणि पक्षाची पत्रे मी पाहिली आहेत. तन्वीर अहमद प्रकरणात 2002 साली ठरलेले सूत्र येथे उपयोगी पडते: कागद अस्सल आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते आणि तो कागद एकटा न तपासता संपूर्ण पुराव्यासोबत तपासावा लागतो. आधी अर्जदाराला खोटा ठरवायचे आणि मग त्या आधारावर कागदही बाजूला सारायचा, हा क्रम चुकीचाच आहे. पण चांगला दिसणारा कागद जोडला म्हणजे कथनातील पोकळी भरून निघाली, असे वकिलांनीही मानू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारते. कथनाचा काही भाग खोटा ठरला, तर दावा तिथेच संपतो का?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

नाही. मूळ प्रश्न अर्जदार मायदेशी परत गेल्यावर त्याचे काय होईल हा आहे. आर. टी. (झिंबाब्वे) या 2012 च्या निकालात तर ज्यांना कोणतेही राजकीय मत नाही अशा माणसांनाही संरक्षण नाकारता येत नाही असे ठरले, कारण सत्ताधारी पक्षाच्या टोळ्या निष्ठेचा पुरावा मागत असताना जीव वाचवण्यासाठी खोटी निष्ठा दाखवण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. मात्र अर्जाची तारीख अवश्य पाहा. 28 जून 2022 पासूनच्या अर्जांत, 2022 च्या नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स ॲक्टमधील कलम 32 नुसार, अर्जदाराचे राजकीय मत (किंवा छळ करणाऱ्यांनी त्याचे म्हणून मानलेले मत) आणि त्याची भीती या बाबी शक्याशक्यतेचा तोल पाहून, म्हणजे खोट्यापेक्षा खरे असण्याची शक्यता अधिक आहे हे दाखवून, सिद्ध कराव्या लागतात. पुढील धोक्यासाठी मात्र वाजवी शक्यतेची जुनी, खालची पातळीच लागू राहते. तुमच्या आदेशांत या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत की एकाच परिच्छेदात मिसळल्या आहेत, हे तपासा. मिसळल्या असतील, तर तो अपिलातील पहिला मुद्दा करा.