मदत हवी आहे: करंगळी बधिर, तंबू ओला आणि व्हिएन्ना अजून दीडशे किलोमीटर

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रियातल्या ग्राइन गावाच्या कॅम्पिंग साइटवरून लिहितेय. रात्रीचे साडेनऊ झालेत, उजेड पुरता गेलेला नाही, बाकीचे सातजण घोरताहेत. डॅन्यूबच्या काठाकाठाने पासाउ ते व्हिएन्ना असा आमचा पुण्याचा आठजणांचा ग्रुप निघालाय. वयं ४८ ते ६३, सायकली भाड्याच्या, सामान ज्याचं त्याने वाहायचं. आज तिसरा दिवस.

प्रश्न आधीच विचारते, नाहीतर पाल्हाळात राहून जाईल. काल दुपारपासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय, मुंग्या येतात. आज रात्री मेतकुटाच्या डब्याचं झाकण मला उघडलं नाही. उद्या मेल्कपर्यंत जायचंय, पन्नासेक किलोमीटर. सायकल चालवावी की सरळ ट्रेन पकडावी?

आता आजचा दिवस. सकाळी लिंझजवळ उठलो तर तंबू आतून टपटप गळत होता. पाऊस नाही, काही नाही! तसाच ओला गुंडाळला, वजन वाढलं. वारा तोंडावर. या वाटेवर वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर असतो असं ऐकून आलो होतो. आज त्याने सुट्टी घेतली असावी. रविवार असल्याने दुकानंही बंद. तरी बरं, गॅसचं डबडं आणि ब्रेड आदल्या दिवशीच लिंझमध्ये घेऊन ठेवले होते.

दुपारी माउटहाउझेनला थांबलो. १९३८ ते १९४५ या काळात इथे नाझींची छळछावणी होती. नदीपासून वर टेकडीवर चढ असा की सगळ्यांनीच सायकली ढकलल्या. ग्रॅनाइटची खाण आहे, आणि तिच्यातून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या. कैद्यांना पाठीवर दगड देऊन त्या चढायला लावत. तिथून खाली आल्यावर तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी बोटांचं ग्रुपमध्ये बोलले नाही. ते पाहून आल्यावर ‘माझी करंगळी दुखते’ म्हणायला जीभ रेटेना. शिवाय सगळ्यात मागे मीच असते, त्यात ही तक्रार कशाला.

तंबूचंही कुणी सांगा.

पॅडलपुराण: ताई, ग्राइनहून मेल्कला थेट ट्रेन नाही. ग्राइनची लाइन उलटी सांक्ट व्हालेंटीनकडे जाते, तिथे मुख्य मार्गावरची गाडी पकडावी लागते. त्यापेक्षा सकाळी इब्सपर्यंत वीसेक किलोमीटर जाऊन बघा. नदीवरच्या धरणावरूनच पलीकडे जाता येतं, आणि मुख्य लाइन त्याच काठाने आहे. साध्या पॅसेंजर गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढा. लांब पल्ल्याच्या गाडीला सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, त्या फंदात पडू नका.
तंबू: नदीच्या अगदी काठाला, खोलगट जागी लावू नका. थंडी वाजली तरी दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवा. तुमच्याच श्वासाची वाफ आहे ती. सकाळी पंचाने आतून पुसून मग गुंडाळा, आणि जेवायच्या सुट्टीत उन्हात पसरा.

हाडवैरी: फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून विचारतो. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकलंय का? करंगळी-अनामिका म्हणजे तळहाताच्या कडेने जाणारी नस दबतेय. दोन बोटांत कागद धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. सहज निसटला तर उद्या सायकल नको, डॉक्टरला दाखवा.

धागाकर्ती: अहो, तुम्हाला कसं कळलं! काल सकाळी श्लोगनला मीच अॅलन कीने नाक खाली केलं होतं. बसायला फार दुखत होतं हो. कागद निसटला नाही. मात्र ओढायला ग्रुपलीडरलाच उठवावं लागलं, तेव्हा आता सगळ्यांना कळलंय.

हाडवैरी: मग कारण तेच. सीट उताराची झाली की माणूस पुढे घसरतो आणि सगळं वजन तळहातावर येतं. सीट सपाट करा, हँडल वर घेता येत असेल तर घ्या, मनगट मागे मोडू देऊ नका, दर दहा मिनिटांनी पकड बदला. तंबू दुसऱ्याच्या पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या बाजूच्या पिशवीत टाका. बधिरपणा जायला काही दिवस लागतील. पण पकड आणखी ढिली झाली तर तिथेच थांबायचं.

धागाकर्ती: मेल्कहून. इब्सला धरण ओलांडल्यावर सगळ्यांनी माझं मत घेतलं, मी म्हटलं चला. पोचले. तंबू लीडरच्या सायकलवर होता, कुरकुर न करता. करंगळी अजून जडच, पण डब्याचं झाकण उघडलं. तंबूही दुपारी वाळवला. आता सीट सपाट झाल्यामुळे मूळ दुखणं परत आलंय. इथे कुठलं क्रीम मागू?

पॅडलपुराण: लाल रंगातलं ‘ए’ अक्षर दिसलं की ते औषधाचं दुकान. तिथे ‘हिर्शटाल्ग’ मिळेल, घासून सोलवटू नये म्हणून इकडचे लोक तेच लावतात. फक्त ती हरणाची चरबी असते. तुमच्यात कुणी कट्टर शाकाहारी असेल तर साधी व्हॅसलिन घ्या.

धागाकर्ती: मीच कट्टर शाकाहारी. व्हॅसलिन.