लोखंडी चूल जुन्या विटांच्या धुराड्याला जोडायची आहे, पाइप कुठला घ्यावा?

पन्हाळापायथा
पन्हाळ्याच्या पायथ्याला कौलारू घर आहे, लाकडी वासे. उद्यमनगरातून लोखंडी चूल करून घेतली, तिचं धुराचं तोंड ६ इंची. स्वयंपाकघराच्या भिंतीत जुनं विटांचं धुराडं आहे, आतून ९ बाय ९ इंच. न्हाणीतल्या बंबाचा पाइपही त्यातच सोडलाय. घरात ४ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पडून आहे, रिड्युसर लावून तो चालेल का? चुलीपासून धुराडं ४ फुटांवर आहे. पावसाळ्यात धूर उलटा घरात येऊ नये एवढंच बघायचंय.

पत्राकाम
४ इंची नको भावा. ६ इंची तोंडाला ४ इंची पाइप लावला की धुराची वाट निम्म्याहूनही कमी होते. दार उघडलं की सगळा धूर तोंडावर. चुलीचं जे तोंड, तोच पाइप थेट वरपर्यंत, मध्ये कुठंही बारीक करायचा नाही.

जीआय तर नकोच. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि भर जाळावर चुलीलगतचा पाइप त्याच्याही पुढं तापू शकतो. मुलामा जळतो, त्याचा धूर छातीला वाईट, आणि पाइपही लवकर खाल्ला जातो. जुन्या निर्धूर चुलींना असायचा तो सिमेंटचा पाइपही टाळा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, जास्त तापला की तडकतो आणि कापताना उडणारी धूळ घातक.

२ मिमी काळ्या पत्र्याचा ६ इंची पाइप वळवून घ्या. सांधा करताना वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसलं पाहिजे. धूर गळेल म्हणून बरेच जण उलटं करतात. पण धुराडं चालू असताना ओढ आत असते, फटीतून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. उलट बसवलं तर आत धूर थंड होऊन साचलेलं डांबरासारखं काळं पाणी सांध्यातून बाहेर ओघळतं, भिंत रंगते आणि तेच पुढं पेट घेतं. दीड-दोन इंच आत घुसवा, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

४ फूट आडवा पाइप जास्तच होतो. चूल सरकवता आली तर सरकवा. नसेल तर आधी दोन-तीन फूट सरळ वर न्या, मग ४५ अंशांचे बेंड. आडव्या भागाला फुटाला किमान पाव इंच चढ धुराड्याकडे. वासे, फळ्या, माळा यांपासून पाइप १८ इंच लांब. जागा नसेल तर मध्ये पत्रा लावा, पण लाकडाला चिकटवून नाही, मागं इंचभर हवा खेळती ठेवून.

विटाचुना
वरचं सगळं बरोबर, पण मुख्य अडचण धुराड्यात आहे. ९ बाय ९ म्हणजे ८१ चौरस इंच, तुमचा पाइप जेमतेम २८. धूर एवढ्या पोकळीत पसरून थंड होतो, मंदावतो आणि विटांना काजळी धरते. वरून ६ इंची स्टेनलेसचा, ३०४ ग्रेडचा पाइप सोडा, खाली टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या बुडाला झाकण हवंच, काजळी तिथूनच निघते.

भिंतीतल्या भोकात लोखंडी बाही बसवा, पाइप त्यातून नेऊन टीमध्ये घाला. भोवतालची फट फायरक्लेच्या गिलाव्यानं भरा, साधं सिमेंट तापून सुटतं. धुराडं जिथं छपरातून जातं तिथं वासा विटांना टेकलेला नको, दोन इंच मोकळं हवं. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड कमी आचेवरही पेटतं.

आणि बंब त्या धुराड्यातून काढा. एका वाटेला एकच आग. बंब विझलेला असताना चुलीचा धूर त्याच्या पाइपातून न्हाणीत उतरतो. न्हाणी बंद असते, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जुनं भोक विटा लावून बुजवा.

पन्हाळापायथा
बंब वेगळा करतो. मग त्याचा पाइप कौलातून काढताना पाणी कसं अडवायचं?

पत्राकाम
पाइपभोवती पत्र्याची मोठी बाही घ्या, वाशांपासून तेच १८ इंच. बाहीच्या बुडाला कौलांवर पसरणारी पत्र्याची झालर हवी, तिची वरची कड वरच्या ओळीच्या कौलांखाली, खालची कड खालच्या ओळीच्या कौलांवर. दोन्ही कडा कौलांवर ठेवल्या की पाणी थेट आत. बाही आणि पाइपमधली फट डांबर किंवा एम-सीलनं भरू नका. पाइपलाच वर छत्रीसारखी पट्टी वेल्ड करा.

उंची दोन्ही धुराड्यांची बघा: छपरातून निघाल्यावर किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं किंवा शेजारचा पत्रा, त्याच्याही २ फूट वर. पन्हाळ्याच्या वाऱ्यात यापेक्षा कमी ठेवलं तर वारा आढ्यावरून खाली कोसळतो आणि धूर दाबतो. ५ फुटांच्या वर गेलात तर तीन बाजूंनी तारेचे ताण. टोपी घट्ट बसकी नको, पाइपच्या तोंडापासून ४ इंच तरी वर.

विटाचुना
कुंद हवेत पेटवताना आधी टीच्या झाकणातून कागदाचा बोळा जाळा, नळी गरम झाली की ओढ लागते. उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरून बघा, धूर आत वळला तरच सरपण लावा. एक्झॉस्ट फॅन त्या वेळी बंद, खिडकी थोडी उघडी.

ओलं सरपण जाळू नका. लाकूड मे संपायच्या आत फोडून आडोशाला रचा, ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. काजळीचा थर ३ मिमी झाला की ब्रश मारा, जूनआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. नळीतून घोंघावल्यासारखा आवाज आला तर आत काजळी पेटलीय असं समजा. चुलीचं दार आणि हवेची झडप बंद करा, घर रिकामं करा, १०१ ला फोन लावा. वरून पाणी ओतू नका, तापलेली नळी फाटते.