फ्रिजमधला डिजिटल थर्मामीटर दिवसभर आकडे बदलतो: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
फ्रॉस्ट-फ्री डबल डोअर फ्रिज आहे. खाली इन्शुलिनच्या न उघडलेल्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) ठेवल्यात, म्हणजे २ ते ८ अंश हवेत. वायरवाला छोटा थर्मामीटर (एलआर४४चे दोन बटण सेल) लावलाय, तो दिवसभरात ३ ते ११ काहीही दाखवतो. तसाच दुसरा फ्रीझरमध्ये अख्खा ठेवला, त्याची स्क्रीन दोन दिवसांत फिकी पडून बंद. बिघडलंय काय, थर्मामीटर की फ्रिज?

प्रतिसाद १
बहुतेक दोन्ही ठीक असावेत. वायरच्या टोकाचा सेन्सर हवेत लोंबतोय ना? दार उघडलं की हवा लगेच तापते, व्हायलमधलं औषध इतक्या पटकन तापत नाही. १०० मिलीची बाटली पाण्याने भरा (खोकल्याच्या औषधाची, धुतलेली चालेल), झाकणाला भोक पाडून सेन्सर मधोमध सोडा. बाटली इन्शुलिनशेजारीच ठेवा. दारात किंवा मागच्या भिंतीला टेकून नको. आकडा रात्रभरानंतरच धरा. फ्रीझरच्या बाटलीत मात्र कोरडी बारीक वाळू. पाणी गोठताना शून्यावर अडकून बसतं, वर काच फुटते.

प्रतिसाद २
त्याआधी थर्मामीटर तपासा. ग्लासभर बर्फाचा चुरा, चुरा तरंगणार नाही इतपतच पाणी, ढवळून पाच मिनिटं. सेन्सर काचेला टेकू नये. ० यायला हवा. स्वस्तातले एखादा अंश इकडेतिकडे दाखवतात, तो फरक लिहून ठेवा. बर्फात मीठ नको, पारा शून्याखाली जाईल.
फ्रीझरमधल्या स्क्रीनचं कारण थंडी. बटण सेलचा व्होल्टेज उतरतो, एलसीडी मंदावते. थर्मामीटरची डबी बाहेर चिकटवा, फक्त वायर बिजागरीच्या बाजूने आत घ्या. मग वायरीशेजारी कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सहज निघाली तर रबर नीट बसत नाहीये, तिथून दमट हवा शिरून बर्फ साचेल.

धागाकर्ता
बर्फात ०.८ आला. बाटलीत रात्रभर ठेवून ५.१. म्हणजे खरे ४.३ धरू ना? फ्रीझरला अजून वाळू केली नाही, सेन्सर उघडाच आहे. तिथे उणे १८ असतं, पण मध्येच उणे १० होतं.

प्रतिसाद १
हो, ४.३. फ्रीझरमध्ये डीफ्रॉस्ट चालू होत असणार: हीटर गार करणाऱ्या कॉइलवरचा (नळीवरचा) बर्फ वितळवतो, तेवढा वेळ पंखा बंद. वाळूत सेन्सर घातलात की हा चढ जेमतेम दिसेल. तासन्तास उणे १० राहिलं तरच मेकॅनिकला बोलवा आणि डीफ्रॉस्ट हीटर, पंखा बघायला सांगा.

प्रतिसाद २
इन्शुलिनसाठी किमान-कमाल आकडा साठवणारा थर्मामीटर घ्या आणि रोज सकाळी आकडे टिपून रीसेट करा. किमान आकड्याकडे जास्त लक्ष द्या. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही.